बाळू पालवणकर : मैदान, पंगत आणि कप्तानपद



भारतीय क्रिकेटचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक १९३२ सालापासून आरंभ करतात. त्या वर्षीच्या जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, आणि अधिकृत इतिहासाची वही तिथून सुरू होते. परंतु त्यापूर्वी एकवीस वर्षे, म्हणजे १९११ साली, एका भारतीय डावखुऱ्या गोलंदाजाने इंग्लंडच्या एकाच उन्हाळ्यात ११४ फलंदाज बाद केले होते. या गोलंदाजाचा जन्म आपल्या बेळगावपासून पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या धारवाडात झाला. त्याचे नाव बाळू पालवणकर. आजच्या व्याख्यानाचा विषय या थोर खेळाडूचे चरित्र हा आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. पालवण हे रत्नागिरी जिल्ह्यातील गाव. त्यावरून या कुटुंबाचे आडनाव पडले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ. चौघेही वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले आणि धावफलकावर चौघांचीही नावे ‘पी. बाळू’, ‘पी. शिवराम’, ‘पी. विठ्ठल’ अशी उलटी लिहिली गेली. आडनावाचे एक अक्षर आणि पुढे घरातले नाव! त्यांच्याबरोबर खेळणारे पै हे पैच राहिले, देवधर हे प्राध्यापक देवधर झाले. बाळू मात्र चाळिशी उलटून गेल्यावरही वृत्तपत्रांत बाळूच होते. त्या नावाने ते लोकांच्या जिव्हाळ्याचे झाले हे खरे आहे. तरीही या ठिकाणी त्यांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनाने करणे मला उचित वाटते.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास चर्मकार समाजात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि पुढे त्या नोकरीनिमित्त हे कुटुंब पुण्यास गेले. येथे, बेळगावच्या कॅम्पात बसून, लष्कर आणि क्रिकेट यांचा संबंध फार विस्ताराने सांगण्याची गरज नाही. गोऱ्या पलटणी जिथे जिथे राहिल्या तिथे तिथे कवायतीचे मैदान, चर्च, क्लब आणि क्रिकेटची खेळपट्टी या चार गोष्टी मागोमाग आल्या. आपल्या कॅम्पाची वसाहत १८३० नंतरच्या दशकात उभी राहिली, तीही याच नमुन्याची. साहेब खेळत आणि त्यांच्या सभोवती शिपायांची, खानसाम्यांची, माळ्यांची, झाडूवाल्यांची मुले तो खेळ पाहत उभी राहत. गावात ज्या मुलाला विहिरीच्या काठावर उभे राहू देत नसत, त्याला कॅम्पातल्या मैदानाच्या कडेला उभे राहण्यास कुणी मनाई करीत नसे. याला समता म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. साहेबाच्या दृष्टीने सारे नोकर सारखेच होते, इतकाच त्याचा अर्थ. पण त्या चिंचोळ्या फटीतून काही माणसे आत शिरली, त्यांपैकी बाळू हे एक. पुण्यात अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांच्या पाठचा शिवराम हा खेळ शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबाच्या मैदानावर होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे आणि फावल्या वेळात सभासदांना चेंडू टाकणे, हे काम. पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबाकडे गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. जाळी लावणे, खेळपट्टीची निगा राखणे, खुणेच्या रेषा आखणे ही कामे त्यांच्याकडे होती. त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा एक अव्वल फलंदाज होता. हा इंग्लंडात हँपशायर परगण्याकडूनही खेळला आणि उत्तरायुष्यात रोमन कॅथलिक धर्मगुरू झाला. ग्रेग इतर सभासदांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना तासन् तास गोलंदाजी करायला लावी. आपल्याला बाद केले की तो दरखेपेस आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर हिशेब सोपा आहे : आठ वेळा ग्रेगला बाद केले की महिन्याच्या पगाराइतकी वरकमाई!

या काळातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. पूना क्लबात बाळूंनी साहेबांना शेकडो तास गोलंदाजी केली, पण एकदाही कुणी त्यांच्या हाती बॅट दिली नाही. फलंदाजी हे सद्गृहस्थाचे काम आणि गोलंदाजी हे नोकराचे, ही समजूत साहेबाने मायदेशाहून येताना बरोबर आणली होती. इंग्लंडातील परगण्यांच्या संघांतही घाम गाळणारे गोलंदाज बहुतांशी पगारी व्यावसायिक असत आणि ऐटीत फटके मारणारे फलंदाज हौशी ‘जंटलमन’ असत. आपल्याकडे या समजुतीला जातीची जोड मिळाली, एवढाच फरक. बाळूंची फलंदाजी शेवटपर्यंत साधारण राहिली. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांची सरासरी १३.६९ आहे आणि सर्वोच्च धावसंख्या ५०. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

गोलंदाजी मात्र त्या सक्तीच्या तासांतून अशी घडली की तिला तोड राहिली नाही. डावखुरा मंदगती गोलंदाज उजव्या हाताच्या फलंदाजापुढे स्वाभाविकपणे एक कोडे ठेवतो. चेंडू यष्ट्यांच्या रोखाने येतो आणि टप्पा पडल्यावर बाहेरच्या बाजूस वळतो. खेळावे तर बॅटीची कड लागून झेल उडण्याची भीती, सोडावे तर एखादा न वळता सरळ येऊन यष्टी घेऊन जाण्याची. या कोड्यात गोलंदाज आणखी दोन गोष्टी मिसळतो. चेंडूला कमी-अधिक उंची देऊन तो कुठे पडणार याचा अंदाज चुकवायचा, आणि हाताची हालचाल तीच ठेवून वेग किंचित बदलायचा. बाळूंकडे हे सारे होते. शिवाय टप्प्यावरची हुकमत अशी की दिवसभर गोलंदाजी करूनही ते ढिले पडत नसत. याला त्यांची पहिली नोकरी कारणीभूत झाली असावी, असे माझे मत आहे. जो माणूस रोज पहाटे खेळपट्टीवर पाणी मारतो, रूळ ओढतो, कुठे माती भुसभुशीत आहे आणि कुठे घट्ट बसली आहे हे तळव्यांनी ओळखतो, त्याला चेंडू कुठे टाकला म्हणजे वळेल हे निराळे शिकावे लागत नाही. साहेबांनी त्यांना राबवून घेतले आणि नकळत एका शास्त्रात पारंगत केले.

पूना क्लबाच्या साहेबांशी सामना खेळण्याची पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंची जुनी आकांक्षा होती. साहेबांना रोज चकवणारा गोलंदाज तर गावातच होता. पण त्याला संघात घ्यावे की न घ्यावे यावर मोठा वाद झाला. मराठी ब्राह्मण खेळाडूंपैकी काहींचा विरोध होता, तर तेलुगू भाषिक सभासदांनी बाळूंची बाजू घेतली. बाळूंना बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे खुद्द ग्रेगने म्हटल्याचे सांगतात. अखेर तोड निघाली, आणि ती तोड आपल्या समाजाच्या स्वभावाचा उत्तम नमुना आहे. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा; पण चहाच्या सुटीत इतर मंडळी तंबूत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पिणार आणि बाळू बाहेर, टाकून देता येईल अशा मातीच्या भांड्यातून. हातपाय धुण्यासाठी पाणी हवे असेल तर ते दुसऱ्या एखाद्या नोकराने आणून कोपऱ्यात द्यायचे. जेवण वेगळ्या पंगतीला.

या तडजोडीत एक तर्कशास्त्र आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. चामड्याच्या वस्तूला सोवळ्यात स्थान नाही. पण साहेबाला हरवण्याची इच्छा इतकी प्रबळ होती की ते चामडे विटाळाच्या कक्षेतून बाजूला काढले गेले. पाणी आणि अन्न मात्र त्या कक्षेत राहिले. म्हणजे नियम अपरिवर्तनीय नव्हता. गरजेप्रमाणे त्याला मुरड घालता येत होती. बाळूंची पुढील कारकीर्द म्हणजे ही मुरड कुठवर घातली जाईल याचीच एक दीर्घ परीक्षा आहे.

बाळूंच्या गोलंदाजीमुळे पुण्याच्या हिंदूंनी साहेबांना हरवले. पुढे साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या मंडळींनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून घेतला, असे सांगतात. रुळाचे काम ज्याने वर्षानुवर्षे केले त्याच्यावर रुळाचाच प्रयोग! बाळूंनी सात गडी बाद केले. त्यानंतरच्या सत्कारप्रसंगी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सरळ प्रश्न उपस्थित केला : ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खाणेपिणे का करता येऊ नये? प्रश्न इतका साधा होता की त्याला वादाने उत्तर देणे कठीण होते. म्हणून पुण्याने त्याला मौनाने उत्तर दिले.

१८९६ मध्ये मुंबई इलाख्यात प्लेगची साथ सुरू झाली. त्याच सुमारास बाळू मुंबईस आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांची हरकत होती, पण कीर्तिकर या कर्णधाराच्या आग्रहाने ती मागे पडली. नोकरी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. मुंबईत पंगतीचा प्रश्न पुण्यापेक्षा लवकर सुटला. शहर मोठे, माणसे पोटामागे आलेली, आणि आगगाडीच्या डब्यात शेजारी कोण बसला हे विचारण्याची सोय नव्हती.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा बहुचर्चित सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या आणि युरोपियन संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि त्यांचे जोडीदार इराशा यांच्या गोलंदाजीने हे घडले. बाळूंचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीला तेव्हा चारच महिने झाले होते आणि स्वदेशीचे वातावरण तापलेले होते. त्यामुळे या विजयाला खेळापलीकडचा अर्थ आला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने मात्र वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवले. पुण्यात तंबूबाहेर चहा पिणारा खेळाडू मुंबईत आपल्या सहकाऱ्यांच्या पंगतीत बसून जेवला, हा त्या पत्राच्या दृष्टीने खरा विजय होता.

पुढच्याच वर्षी युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले आणि १९३७ पासून पंचरंगी. धर्मावर आधारलेले हे सामने १९४५-४६ च्या हंगामानंतर बंद पडले, ते योग्यच झाले. पण रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू होण्यापूर्वी या देशातील सर्वोत्तम क्रिकेट याच सामन्यांत पाहावयास मिळे, आणि त्यांत हिंदूंचा आधारस्तंभ बराच काळ बाळू हेच होते.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधारपद पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. पाचव्या जॉर्जचा राज्यारोहण समारंभ त्याच उन्हाळ्यात होता आणि महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा मेजवान्यांकडे अधिक राहिले. फार थोडे सामने खेळून ते बाजूला झाले. संघ एकूण २३ सामने खेळला. त्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. या पडझडीत बाळूंचे यश उठून दिसते. खांदा दुखत असताना त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतील. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध त्यांनी एकूण अकरा बळी टिपले आणि भारतीय संघाने एका परगण्यावर विजय मिळवला. सॉमरसेटविरुद्धचा सामना अवघा एक गडी राखून जिंकला गेला, तो शिवराम यांच्या नाबाद शतकामुळे. तेव्हा बाळू पस्तिशीत होते. ऐन उमेदीची वर्षे पुण्याच्या जाळीत आठ आण्यांच्या बक्षिसावर खर्ची पडली होती.

बाळूंना ‘हिंदुस्थानचे ऱ्होड्स’ म्हणत. विल्फ्रेड ऱ्होड्स हा यॉर्कशायरचा महान डावखुरा गोलंदाज. ही उपमा गोलंदाजीपुरती दिली गेली होती, पण ती देणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षाही अधिक चपखल आहे. ऱ्होड्स हाही व्यावसायिक खेळाडू होता आणि इतके ज्ञान व अनुभव असूनही इंग्लंडचे कर्णधारपद त्याच्याकडे कधीच आले नाही. इंग्लंडात कर्णधार हा हौशी ‘जंटलमन’च असावा, हा दंडक होता. विसाव्या शतकात तो मोडून लेन हटन या व्यावसायिकाकडे इंग्लंडचे कर्णधारपद आले ते १९५२ मध्ये. वेस्ट इंडीजच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यापासून होते. पण संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून फ्रँक वॉरेल यांची नेमणूक होण्यास १९६० साल उजाडले. यात एक क्रम दिसतो. समाज प्रथम माणसाचे कौशल्य वापरतो. मग, पुष्कळ तक्रारीनंतर, त्याला पंगतीत घेतो. त्याचा हुकूम मानण्याची वेळ आली म्हणजे मात्र अडून बसतो. कर्णधार नाणेफेकीला जातो, कुणी कुठे उभे राहायचे ते ठरवतो, कुणाच्या हातात चेंडू द्यायचा ते ठरवतो, मेजवानीत यजमानाच्या शेजारी बसतो. चहाचा कप देणे सोपे. हे देणे कठीण.

बाळूंच्या बाबतीत नेमके हेच झाले. १९१० नंतर दर हंगामात त्यांच्या कप्तानपदाची चर्चा होई आणि दर हंगामात ते दुसऱ्याकडे जाई. १९१३ मध्ये एम. डी. पै यांची नेमणूक झाली. पै हे उमद्या मनाचे गृहस्थ होते. आपल्याच सत्कारसभेत त्यांनी सांगितले की, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू म्हणून आपले मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता. सभेने टाळ्या वाजवल्या असतील. निवड समितीवर परिणाम झाला नाही.

१९२० च्या डिसेंबरात हे प्रकरण चिघळले. मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना वगळण्यात आले. वयाचा विचार करता त्यावर वाद घालता येत नाही. पण कर्णधार पै आजारी असल्यामुळे नेतृत्वाचा प्रश्न आला, आणि ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल यांना डावलून ते पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे दिले गेले. देवधरांची योग्यता पुढे साऱ्या देशाने पाहिली, म्हणून इथे त्यांच्याविषयी प्रश्न नाही. प्रश्न न्यायाचा होता. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याची कारणे देणारे निवेदन वृत्तपत्रांत प्रसिद्ध केले. आपल्याला जातीमुळे डावलले गेले हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. त्याच महिन्यात नागपुरास काँग्रेसच्या अधिवेशनात अस्पृश्यता नष्ट करण्याचे आवाहन करणारा ठराव संमत होत होता. मुंबईतील सुशिक्षित हिंदूंना ही विसंगती झोंबली आणि भावांच्या बाजूने जनमत उभे राहिले.

मग जिमखान्याने माघार घेतली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावले आणि त्यांना उपकर्णधार नेमले. विठ्ठल आणि शिवरामही परतले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदान सोडून तंबूत गेले, आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पै यांनी हे जाणून-बुजून केले, असे मानले जाते. मैत्रीने दिलेली ती देणगी होती आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण चौरंगी सामन्यांच्या धावफलकावर कर्णधाराच्या नावापुढे जी चांदणी छापतात, ती बाळूंच्या नावापुढे कधी छापली गेली नाही.

ती विठ्ठल यांच्या नावापुढे छापली गेली. १९२३ साली हिंदूंचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. ते उत्तम फलंदाज होते. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना अंतिम सामन्यात हरवले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या पंगतीला थोरल्या भावाला बसू देत नव्हते, त्यांच्याच खांद्यावर बसून धाकटा मैदानाबाहेर आला! विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, आणि २००२ साली रामचंद्र गुहा यांच्या इंग्रजी ग्रंथामुळे या बंधूंची कथा देशभर पोहोचली. मराठी वाचकाला ती इंग्रजीतून परत कळावी, ही आपल्या वाचनसंस्कृतीविषयी थोडी खेदाची बाब आहे.

आता चरित्रातील त्या भागाकडे येतो, जो गौरवपर भाषणांत बहुधा गाळला जातो. १९११ च्या दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभाचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने तयार केले होते. दोघांच्या घरांची घडण विलक्षण सारखी होती. दोघांचेही मूळ गाव रत्नागिरीच्या मुलुखात, दोघांचेही वडील लष्करी नोकरीत, दोघांचाही जन्म त्या नोकरीपायी कोकणापासून दूर : एकाचा धारवाडला, दुसऱ्याचा महूला. तरुण आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता.

वीस वर्षांनी त्यांच्या वाटा विरुद्ध दिशांना गेल्या. आपल्या निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली, तेव्हा डॉ. आंबेडकर तिथे आले होते. राजकीय हक्क स्वतःच्या बळावर मिळवले पाहिजेत ही त्यांची भूमिका तोवर पक्की होत आली होती. १९३२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी विभक्त मतदारसंघांची मागणी लावून धरली. बाळूंनी मद्रासचे एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार केला. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा आला, २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्यास उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्या करारावर डॉ. आंबेडकरांच्या सहीबरोबर पी. बाळू यांचीही सही आहे.

१९३३ मध्ये बाळू मुंबई महापालिकेची निवडणूक हिंदू महासभेच्या वतीने लढले आणि पराभूत झाले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. आंबेडकरांच्या अनुयायांना बाळूंनी ही उमेदवारी घेतली याचे शल्य वाटले, आणि ते स्वाभाविक होते. ज्याच्या नावाने समाज मान वर करून चालला, त्याला समाजाच्या नेत्यासमोर प्यादे म्हणून ठेवण्यात आले, अशी त्यांची भावना होती.

मला वाटते, बाळूंच्या या भूमिकेचा उलगडा त्यांच्या मैदानावरील आयुष्यातच होतो. त्यांच्या अनुभवात हिंदू समाज हळूहळू का होईना बदलला होता. बाहेरच्या मातीच्या भांड्यापासून पंगतीपर्यंत, पंगतीपासून उपकर्णधारपदापर्यंत आणि शेवटी भावाच्या कर्णधारपदापर्यंत ते स्वतः चालत आले होते. त्याच संघात राहून, चांगली गोलंदाजी करीत राहून हे घडले, असा त्यांचा समज झाला असल्यास नवल नाही. आंबेडकरांच्या दृष्टीने हाच अनुभव निराळे सांगत होता : सर्वश्रेष्ठ गोलंदाजालाही वीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि तरीही ते पद त्याला मिळालेच नाही, मग ज्याच्या हातात अशी फिरकी नाही त्या सामान्य माणसाने किती वाट पाहायची? मतदारांनी आपला कौल दोन हजार वीस मतांच्या फरकाने दिला. माझा कौलही आंबेडकरांच्या बाजूने पडतो; परंतु ज्या माणसाने पूना क्लबाचा रूळ ओढला त्याच्या आशावादाला मी भाबडा म्हणणार नाही.

त्यानंतर बाळू सार्वजनिक जीवनातून जवळजवळ बाजूला झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, डावात पाच किंवा अधिक गडी सतरा वेळा आणि सामन्यात दहा किंवा अधिक चार वेळा, एवढा त्यांचा अधिकृत हिशेब आहे. पुण्याच्या जाळीत ग्रेगला टाकलेले हजारो चेंडू त्यात धरलेले नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अस्पृश्यता पाळणे हा कायद्याने गुन्हा ठरवणारा अधिनियम त्याच वर्षीच्या १ जूनपासून देशात लागू झाला होता.